एक्स-रे खोलीभोवतीचं रेडिएशन कसं मोजायचं

एक्स-रे खोलीच्या दाराबाहेर सर्व्हे मीटर (रेडिएशन मोजायचं हातातलं उपकरण) धरला आणि पडद्यावर २५० मायक्रोसीव्हर्ट प्रति तास असा आकडा उमटला, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तोच आकडा ५ आला की सगळे निर्धास्त. दोन्ही वेळा फसगत होऊ शकते. मीटर दाखवतो तो किरण चालू असतानाचा डोसचा वेग. दाराबाहेर बसणाऱ्या माणसाला आठवड्याभरात किती डोस मिळतो, हे त्या वेगावरून हिशेब करून काढावं लागतं. शिवाय एक्सपोजर, म्हणजे एका वेळी किरण सोडणं, पाव सेकंदाचं असेल, तर तो वेगही मीटरनं पुरता पकडलेला नसतो. मोजणीतल्या बहुतेक चुका या दोन ठिकाणी होतात, म्हणून इथे भर त्यांच्यावरच आहे.

मीटर कोणता घ्यायचा

या कामाला आयन चेंबर (किरणांमुळे हवेत किंवा वायूत तयार झालेला विद्युतभार मोजणारी कुपी) असलेला सर्व्हे मीटर लागतो, शक्यतो दाब दिलेल्या बंद चेंबरचा. त्याला वेग मोजण्याचा आणि एकूण डोस साठवत जाण्याचा, असे दोन्ही मोड हवेत. खुल्या चेंबरचा मीटर असेल तर तापमान आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती करावी लागते. २० अंश आणि १०१.३ किलोपास्कलला कॅलिब्रेट केलेला मीटर ३० अंशांत, ९४.५ किलोपास्कल दाब असलेल्या उंचावरच्या गावी वापरला, तर वाचन सुमारे १.११ नं गुणावं लागतं. म्हणजे दुरुस्ती विसरली तर दहा टक्के डोस कागदावरून गायब. बंद चेंबरला हा उपद्व्याप नाही.

गायगर-म्युलर मीटर स्वस्त आणि हलका असतो, पण इथे तो दोन बाजूंनी दगा देतो. ऊर्जेची भरपाई नसलेली त्याची ट्यूब ६० ते ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (किरणांच्या ऊर्जेचं एकक) आसपास कित्येक पट जास्त दाखवते, आणि रुग्णावर आपटून विखुरलेले एक्स-रे नेमके त्याच पट्ट्यात असतात. उलट तीव्र किरणांत तिचा डेड टाइम (एक किरण मोजल्यावर पुढचा मोजता न येणारा क्षण) आड येतो आणि ती कमी मोजते. खिशातल्या इलेक्ट्रॉनिक डोसमीटरचंही स्पंदित किरणांत असंच होतं. दाराची फट कुठे आहे हे हुंगून काढायला गायगर चालेल, अहवालात आकडा लिहायला नाही.

कॅलिब्रेशनचा दाखला पुढच्या पानापर्यंत वाचा. फक्त सीझियम-१३७ या किरणोत्सारी स्रोतावर, म्हणजे ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर तपासलेला मीटर एक्स-रेला काय उत्तर देतो, हे त्यातून कळत नाही. दाखल्यात साधारण ५० ते १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या एक्स-रेसाठीचे गुणक हवेत. मीटर कोणती राशी दाखवतो, हेही बघा. हवेतला कर्मा (किरणांनी हवेला दिलेली ऊर्जा, ग्रेमध्ये) आणि सभोवतालचा समतुल्य डोस (शरीराला मिळणाऱ्या डोसचा अंदाज, सीव्हर्टमध्ये) या वेगळ्या राशी आहेत. ६० ते ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या टापूत दुसरी राशी पहिलीच्या सुमारे १.७ पट भरते. दोन मीटरची वाचनं जुळत नाहीत म्हणून एकाला नादुरुस्त ठरवण्याआधी हे तपासलं तर बरेच वाद मिटतात. जुना मीटर मिलिरॉन्टजेन दाखवत असेल, तर १ मिलिरॉन्टजेन म्हणजे हवेत ८.७६ मायक्रोग्रे, घाईच्या अंदाजाला १० धरतात.

मांडणी

मशीन बंद असताना आधी पार्श्वभूमीचं वाचन घ्या. बहुतेक इमारतींत ते ०.१ ते ०.२ मायक्रोसीव्हर्ट प्रति तास असतं. इथेच ५ दिसले, तर मीटरची बॅटरी, ओल किंवा शून्याची जुळणी बघा, किंवा शेजारी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग (रुग्णांना किरणोत्सारी औषधं देतात तो) आहे का ते विचारा. एक्स-रे मशीन बंद झाल्यावर खोलीत काहीही मागे उरत नाही, त्यामुळे 'आताच एक्स-रे काढला म्हणून जास्त दाखवतोय' हे कारण कधीच खरं नसतं.

विखुरलेले किरण मोजायला रुग्णाच्या जागी विखुरणारं काहीतरी हवं. पाण्याचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा, ३० × ३० सेंमीचा, २० सेंमी जाड फँटम टेबलावर ठेवा. पाण्यानं भरलेला चौकोनी प्लास्टिकचा डबाही चालतो, फक्त तो ठिबकत नाही ना ते आधी पाहा. एक्स-रे ट्यूब १०० सेंमीवर, कोलिमेटर (झोताची रुंदी ठरवणारी झडप) पूर्ण उघडा, आणि त्या खोलीत नेहमी लागणारं सर्वांत जास्त केव्ही (ट्यूबला दिलेले किलोव्होल्ट) लावा. साध्या रेडिओग्राफीत बहुधा १००, छातीसाठी उच्च केव्हीचं तंत्र वापरत असतील तर १२०-१२५. फँटमशिवाय घेतलेलं वाचन छान कमी येतं आणि त्याचा उपयोग काही नसतो.

याला अपवाद मुख्य किरणझोत ज्या भिंतीवर पडतो तिचा. चेस्ट स्टँडमागची भिंत तपासताना फँटम काढून टाका, झोत सरळ भिंतीकडे ठेवा आणि पलीकडून मोजा. इथे रुग्णाच्या शरीराची आड मिळेल असं धरायचं नसतं.

केव्ही, वेळ आणि मिलिअँपिअर (ट्यूबमधला विद्युतप्रवाह) मशीन खरोखर देतं का, याची खात्री आधी करून घ्या. टायमर बिघडलेल्या मशीनवर केलेली सगळी मोजणी वाया जाते.

ट्यूबचीही काळजी हवी. १०० केव्ही, १०० मिलिअँपिअर आणि १ सेकंद म्हणजे सिंगल फेज मशीनवर १०,००० हीट युनिट (ट्यूबमधल्या उष्णतेचं माप), हाय फ्रिक्वेन्सी जनरेटरवर सुमारे १३,५००. अशी वीस एक्सपोजरं ओळीनं मारली तर अ‍ॅनोड (ट्यूबमधला किरण निघण्याचा भाग) तापतो. ट्यूबचा रेटिंग चार्ट बघून दोन एक्सपोजरांत मिनिटभर तरी जाऊ द्या.

कुठे मोजायचं

खोलीचा नकाशा हातानं काढून त्यावर बिंदूंना क्रमांक द्या. कन्सोलमागे तंत्रज्ञ उभा राहतो ती जागा, लेड ग्लास (शिसं मिसळलेली काच), तिची चौकट, दाराचा मध्य, दाराच्या दोन्ही कडा, दाराखालची फट, प्रतीक्षा कक्षातली भिंतीलगतची खुर्ची, बाजूच्या खोल्या, कॉरिडॉर आणि वरचा-खालचा मजला. भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून मीटर ३० सेंमीवर धरा, उंची साधारण एक मीटर. वरच्या मजल्यावर फरशीपासून अर्धा मीटर उंच, आणि खालच्या मजल्यावर जमिनीपासून १.७ मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्याजवळ.

खरी गळती भिंतीच्या मधोमध क्वचितच सापडते. ती सांध्यांवर असते: दारातला शिशाचा पत्रा चौकटीवर चढतच नाही, लेड ग्लास आणि भिंतीतलं शिसं एकमेकांवर येत नाहीत, स्विच बोर्डासाठी भिंत कोरली आणि मागे शिसं लावायचं राहिलं, एसीची नळी आरपार गेली, किंवा वर्षानुवर्षं टांगलेला पत्रा आपल्याच वजनानं खाली सरकून वर मोकळी पट्टी उरली. भिंतीतलं शिसं जमिनीपासून २.१ मीटरपर्यंत असतं. दाराच्या वरच्या झडपेतून काही निसटत असेल तर ते बाहेरच्या छतावर आपटून खाली विखुरतं, म्हणून तिथेही मीटर एकदा फिरवा.

अरुंद फटीसमोर मोठा आयन चेंबर कमीच दाखवतो, कारण किरणांची बारीक पट्टी चेंबरच्या एका कोपऱ्यातूनच जाते. यावर सोपा उपाय आहे. सीआर कॅसेट (फिल्मऐवजी वापरायची, पुसता येणारी एक्स-रे प्लेट) दाराच्या बाहेरून फटीवर चिकटपट्टीनं लावा, वर-खाली कळावं म्हणून शिशाचं अक्षर ठेवा, आत फँटमवर पाच-सहा जोरदार एक्सपोजरं द्या आणि प्लेट वाचा. फट असेल तिथे काळी रेघ उमटते, आणि ती सुताराला दाखवली की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कॅसेट आधी पुसून घ्या, नाहीतर जुन्या सावल्या दिसतील.

अर्ध्या सेकंदाचा सापळा

मीटरला अंतिम आकड्यापर्यंत चढायला वेळ लागतो. कमी डोसच्या रेंजवर ९० टक्क्यांपर्यंत पोचायला ५ सेकंद घेणारा मीटर सर्रास आढळतो. अशा मीटरसमोर ०.१ सेकंदाचं एक्सपोजर दिलं तर तो खऱ्या वेगाच्या जेमतेम साडेचार टक्के दाखवतो. १ सेकंदाला ३७ टक्के, २ सेकंदांना ६०. थर्मामीटर काखेत लावून लगेच काढावा आणि ताप नाही म्हणावं, तशातला हा प्रकार. 'आमच्याकडे सगळीकडे ०.३ येतं' असं अभिमानानं सांगणाऱ्या अहवालात एक्सपोजरची वेळ लिहिलेली आहे का, ते आधी बघायचं.

यातून तीन वाटा निघतात. पहिली, मिलिअँपिअर कमी ठेवून एक्सपोजर लांबवायचं, मशीन देत असेल तर २ ते ५ सेकंद. दुसरी, मीटरच्या दाखल्यातल्या प्रतिसाद काळावरून दुरुस्तीचा गुणक काढायचा. १ सेकंदाच्या वाचनाला वरच्या उदाहरणात २.७ नं गुणावं लागेल. तिसरी आणि सर्वांत भरवशाची वाट एकूण डोस साठवणाऱ्या मोडची. त्यात मीटर किती वेगानं चढला याला महत्त्व राहत नाही, एकूण किती आलं तेवढंच मोजलं जातं. डोस मीटरच्या किमान पायरीपेक्षा कमी पडत असेल तर दहा एक्सपोजरांची बेरीज करा आणि तेवढ्या वेळातली पार्श्वभूमी वजा करा. दहा मिनिटांत ती ०.०२ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास भरते.

वेगापासून आठवड्याच्या डोसपर्यंत

आधी खोलीचं आठवड्याचं काम काढा. समजा रोज ४० रुग्ण, आठवड्याला ६ दिवस, प्रत्येकाची सरासरी दीड फिल्म आणि एका फिल्मला सरासरी २० एमएएस (मिलिअँपिअर गुणिले सेकंद). ४० × ६ × १.५ × २० = ७,२०० एमएएस. ६० नं भागलं की १२० मिलिअँपिअर-मिनिटं. रजिस्टरवरून खरा आकडा घ्या. रद्द झालेली आणि पुन्हा काढलेली फिल्मही धरा, किरण तिनंही सोडलेत.

आता कॉरिडॉरमध्ये दारासमोर १०० मिलिअँपिअरला, दुरुस्ती केल्यावर, २५० मायक्रोसीव्हर्ट प्रति तास आले असं धरा. १२० ÷ १०० = १.२ मिनिटं, म्हणजे आठवड्याभरात किरण चालू असण्याचा वेळ ०.०२ तास. २५० × ०.०२ = ५ मायक्रोसीव्हर्ट दर आठवड्याला. पोटात गोळा आणणारा आकडा इतका खाली येतो.

साठवणीच्या मोडवरून हिशेब अजून सुटसुटीत होतो. १०० एमएएसची दहा एक्सपोजरं मिळून ०.७ मायक्रोसीव्हर्ट आले, म्हणजे दर एमएएसला ०.०००७. त्याला ७,२०० नं गुणा: पुन्हा ५. दोन्ही रीतींची उत्तरं जुळत नसतील, तर प्रतिसाद काळाची दुरुस्ती चुकली आहे असं बेलाशक समजा.

तिथे माणूस सतत उभा नसतो. अमेरिकेतल्या एनसीआरपी या रेडिएशन संरक्षणाच्या परिषदेच्या १४७ क्रमांकाच्या अहवालात यासाठी, डोसला गुणायचे, वावराचे अंश दिले आहेत: ऑफिस आणि कन्सोलला १, शेजारच्या तपासणी खोलीला १/२, कॉरिडॉरला १/५, कॉरिडॉरमधल्या दाराला १/८, स्वच्छतागृह आणि देखरेख नसलेल्या प्रतीक्षा कक्षाला १/२०, जिन्याला १/४०. पण प्रतीक्षा कक्षात नोंदणीचं टेबल टाकून कुणाला आठ तास बसवलं असेल, तर १/२० विसरा आणि १ घ्या. कागदावरचं नाव काय आहे यापेक्षा तिथे कोण बसतं ते बघायचं.

मिळालेला आकडा कशाशी ताडायचा? त्याच अहवालातली उद्दिष्टं अशी: कर्मचाऱ्यांच्या नियंत्रित भागात आठवड्याला ०.१ मिलिग्रे आणि सर्वसामान्यांच्या भागात ०.०२ मिलिग्रे, म्हणजे २० मायक्रोग्रे. आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय रेडिएशन संरक्षण आयोगाच्या २००७ च्या शिफारशींत सर्वसामान्यांना वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, आणि कर्मचाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २०, कुठल्याही एका वर्षी ५० पेक्षा जास्त नाही. डोळ्याच्या भिंगासाठी २०११ मध्ये हीच २० आणि ५० ची चौकट आली. त्याआधी ती १५० होती. गर्भधारणा कळवल्यापासून पुढे गर्भाला १ मिलिसीव्हर्ट. काही देशांचे नियामक याहून कडक आकडे लावतात, तिथे त्यांचेच पाळायचे.

मुख्य झोताच्या भिंतीसाठी सगळं काम मोजू नका; त्या दिशेला जाणारी एक्सपोजरंच धरा. विखुरलेल्या किरणांना मात्र दिशा नसते, तिथे पूर्ण काम धरावं लागतं.

ट्यूबच्या आवरणाची गळती

कोलिमेटर पूर्ण बंद करून त्यावर शिशाच्या पत्र्याचे अनेक थर ठेवा, ट्यूबच्या गळतीच्या रेटिंगमधलं कमाल केव्ही लावा, आणि फोकसपासून (ट्यूबमधला किरण निघण्याचा बिंदू) १ मीटरवर समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि वर मोजा. मर्यादा एका तासात १ मिलिग्रे, १०० चौरस सेंमीच्या सरासरीनं. इथे पुन्हा तोच गोंधळ होतो. १०० मिलिअँपिअरला मीटर ६ मिलिग्रे प्रति तास दाखवतो आणि ट्यूब नापास केली जाते. पण कोणतीही ट्यूब तासभर सलग १०० मिलिअँपिअरवर चालू शकत नाही. उत्पादकानं तासाला १८० मिलिअँपिअर-मिनिटं दिली असतील, तर ६ × १८० ÷ (६० × १००) = ०.१८ मिलिग्रे, म्हणजे ट्यूब पास. या मोजणीत मीटर खोलीत ठेवून तुम्ही काचेमागे थांबा. कमाल वाचन पकडून ठेवायची सोय नसेल तर मीटरसमोर मोबाइल लावून व्हिडिओ घ्या.

फ्लुरोस्कोपी आणि सीटी

सी-आर्मवर (फ्लुरोस्कोपी, म्हणजे हलतं एक्स-रे चित्र दाखवणारं 'सी'च्या आकाराचं मशीन) किरण सलग चालतात, त्यामुळे प्रतिसाद काळाची कटकट जवळजवळ संपते. मात्र ब्राइटनेसचं स्वयंचलित नियंत्रण चालू असतं: झोतात काहीच नसेल तर मशीन किमान डोसवर उतरतं, आणि शिशाचा पत्रा आला तर कमालीवर चढतं. म्हणून २० सेंमी फँटम ठेवूनच मोजा. डॉक्टर आणि नर्स उभे राहतात तिथे डोळे, कंबर आणि गुडघे अशा तीन उंचींवर वाचनं घ्या. ट्यूब टेबलाखाली असताना गुडघ्याला जास्त येतं, वर असताना डोळ्यांना. आडव्या प्रोजेक्शनला ट्यूबच्या बाजूला उभं राहणाऱ्याला डिटेक्टरच्या बाजूपेक्षा बरंच जास्त मिळतं. हा फरक टीमला मीटरवर एकदा दाखवला की ते आपोआप पलीकडे उभे राहू लागतात. ढोबळ पडताळा म्हणून, रुग्णापासून १ मीटरवर काटकोनात विखुरलेला डोस रुग्णावर पडणाऱ्या झोताच्या सुमारे हजाराव्या भागाइतका असतो.

सीटीत विखुरलेले किरण गॅन्ट्रीच्या (रुग्ण ज्यातून सरकतो त्या कड्याच्या) पुढे आणि मागे तिरपे जास्त पसरतात. गॅन्ट्रीच्या बगलेला तिचीच आड मिळते. आडोशाविना १ मीटरवरचा अंदाज डीएलपीवरून (स्कॅनचा डोस गुणिले स्कॅनची लांबी) काढता येतो; त्याला गुणायचा आकडा धडासाठी दर सेंमीला ०.०००३, डोक्यासाठी ०.००००९. धडाच्या ६०० मिलिग्रे-सेंमीच्या स्कॅनला ०.१८ मिलिग्रे. भिंतीबाहेरचं वाचन या अंदाजाशी आणि शिशाच्या जाडीशी जुळत नसेल, तर फट शोधा.

बॅज: माणसाचं आणि भिंतीचं

मीटरची मोजणी एका दिवसाची असते. टीएलडी किंवा ओएसएल बॅज (अंगावर लावायचा, डोस साठवणारा बिल्ला) महिनोन्‌महिने मोजत राहतो. तो छातीवर, शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत, फिल्टरची बाजू पुढे करून लावायचा. फ्लुरोस्कोपीत दुसरा बॅज गळ्याशी, अ‍ॅप्रनच्या बाहेर. दोन्हीवरून परिणामी डोस (सगळ्या शरीराचा मिळून) काढायचं एक सूत्र असं: आतल्याचा निम्मा अधिक बाहेरच्याचा चाळिसावा भाग. आतला ०.२ आणि बाहेरचा ४ मिलिसीव्हर्ट असेल तर ०.१ + ०.१ = ०.२. डोळ्यांसाठी मात्र बाहेरचे ४ पूर्ण धरा.

बॅजचं वाचन अचानक चढलं की आधी अ‍ॅप्रन कुठे टांगला होता ते विचारा. बॅज त्यालाच लावलेला राहतो, अ‍ॅप्रन एक्स-रे खोलीत खुंटीवर असतो, आणि माणूस घरी असताना बॅज डोस घेत राहतो. कंट्रोल बॅज (फक्त पार्श्वभूमी मोजायला ठेवलेला) कन्सोलच्या ड्रॉवरमध्ये ठेवला तर याउलट घडतं: त्याचं वाचन सगळ्यांच्या आकड्यांतून वजा होतं आणि सगळेच सुरक्षित दिसतात. तो रेडिएशनपासून दूरच्या खोलीत ठेवायचा. अदलाबदल, धुलाई आणि उन्हात तापलेली गाडी ही उरलेली नेहमीची कारणं.

भिंतीवर, कन्सोलवर आणि प्रतीक्षा कक्षात असेच बॅज तीन महिने लावून ठेवता येतात. महिन्याभरात बदलू नका. टीएलडीची ओळखण्याची किमान पातळी ०.१ मिलिसीव्हर्टच्या आसपास असते, आणि वर्षाला १ मिलिसीव्हर्ट म्हणजे महिन्याला ०.०८ च. मर्यादेइतका डोस असूनही अहवालात शून्य येईल. तीन महिन्यांत तो ०.२५ होतो आणि दिसतो.

नोंदीत मीटरचा क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख, केव्ही, मिलिअँपिअर, वेळ, फील्ड, फँटम, ट्यूबची दिशा, मूळ वाचन आणि दुरुस्त वाचन हे सगळं हवं. पुढच्या माणसाला तीच मोजणी तशीच करता आली पाहिजे. ट्यूब बदलली, चेस्ट स्टँड दुसऱ्या भिंतीला नेला, भिंतीत नवी वायर किंवा पाइप टाकला, शेजारच्या स्टोअरचं ऑफिस झालं किंवा रुग्ण दुप्पट झाले, की पुन्हा मोजा. यातल्या शेवटच्या दोन बदलांत वेगाचे जुने आकडे चालतात, फक्त वावराचा अंश आणि आठवड्याचं काम नव्यानं घालून हिशेब करायचा.